पहिल्या स्वदेशी हल्लेखोर अणुपाणबुडीला 'मैनाक' नाव द्यावे

मा. श्री. राजनाथ सिंह,
संरक्षणमंत्री, भारत सरकार यांस

सादर नमस्कार.

अणुशक्तीवर चालणाऱ्या दोन हल्लेखोर पाणबुड्या देशातच बांधायला ऑक्टोबर 2024 मध्ये मंजुरी मिळाली. त्या पाण्यात उतरायला अजून बरीच वर्षे आहेत. तरी नावाची विनंती आताच करतो, कारण नाव एकदा पक्के झाले की लोकांच्या म्हणण्याला वाव राहत नाही.

निवृत्त जहाजाचे नाव नव्या जहाजाला द्यायची नौदलाची प्रथा मला मनापासून आवडते. 1996 मध्ये निवृत्त झालेली 'कलवरी' पाणबुडी 2017 मध्ये नव्या रूपात दाखल झाली. या न्यायाने 'चक्र' हे नाव आधी पुढे येईल. ते देऊ नये. 1988 ची 'चक्र' ही अणुपाणबुडी सोव्हिएत संघाकडून भाडेपट्ट्याने आली होती, 2012 ची रशियाकडून. मुदतीनंतर दोन्ही परत गेल्या. आपल्या नौसैनिकांचे हात अणुपाणबुडीवर बसले ते त्यांच्यामुळे, हे ऋण मोठेच आहे. पण घरी बांधलेल्या पाणबुडीला स्वतःचे नाव हवे.

ते 'मैनाक' असावे. इंद्र पर्वतांचे पंख छाटत होता तेव्हा वायूने मैनाक पर्वताला समुद्रात दडवले. हनुमान लंकेकडे झेपावला तेव्हा सागराच्या सांगण्यावरून मैनाक वर आला. डिझेल पाणबुडीला बॅटऱ्या चार्ज करायला पृष्ठभागाजवळ यावेच लागते आणि तिथेच ती सापडण्याचा धोका असतो. अणुभट्टीची पाणबुडी शिधा पुरेल तोवर खालीच राहून शत्रूच्या पाणबुड्यांचा माग काढू शकते. दडून राहण्याची ही ताकद त्या नावात आहे.

शिवाय मराठी आरमाराचे मायनाक भंडारी! 1679 मध्ये शिवाजी महाराजांनी त्यांना खांदेरी बेटावर किल्ला बांधायला पाठवले. मुंबईकर इंग्रजांची जहाजे वाट अडवून होती, तरी उथळ पाण्यातून जाणाऱ्या मराठी होड्या रात्री त्यांना चुकवून रसद पोचवत राहिल्या. किल्ला उभा राहिला. 28 सप्टेंबर 2019 रोजी मुंबईत आपल्याच हस्ते नौदलात आलेल्या पाणबुडीला त्या खांदेरीचे नाव आहे. किल्ला बांधणाऱ्याचे नाव मात्र अजून कोणत्याही पाणबुडीला मिळालेले नाही.

हे नाव आपण आपल्या शिफारशीसह नौदलापुढे ठेवावे. आणि दुसऱ्या पाणबुडीसाठी केरळपासून बंगालपर्यंतच्या किनाऱ्यांवरील लोकांकडून नावे मागवावीत, ही विनंती.

आपला नम्र,
एक मराठी नागरिक