नीडरत्स्वेरनच्या डोरोथेआबाईंना

आदरणीय डोरोथेआबाई फीमान यांना,
सादर नमस्कार.

तुम्हाला जाऊन दोनशेहून जास्त वर्षं झाली, तरी हे पत्र तुमच्याच नावाने लिहिते आहे. जर्मन लोककथा मी मराठीत सांगते आणि त्यांची ध्वनिमुद्रणं इंटरनेटवर ठेवते. ऐकणाऱ्यांत पुण्या-नाशिकची मुलं आहेत, तशी जर्मनीत वाढणारी मराठी मुलंही आहेत. या गोष्टी सगळ्यांना त्या गोळा करून छापणाऱ्या ग्रिम बंधूंच्या, याकोब आणि विल्हेल्म यांच्या, म्हणून ठाऊक असतात. त्या बंधूंना त्या कुणी सांगितल्या हे फारसं कुणी विचारत नाही, म्हणून तुमचे आभार असे चारचौघांत मानते आहे.

तुमचा जन्म १७५५ चा, जर्मनीतल्या कासेल शहराजवळचा. वडिलांची रस्त्यालगत खानावळ होती, तिथे येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या गोष्टी तुमच्या कानावर पडत राहिल्या. पुढे शिंप्याच्या घरी संसार केलात, जवळच्या नीडरत्स्वेरन गावी राहिलात, कासेलला भाजीपाला विकलात. १८१३ मध्ये ग्रिम बंधूंची गाठ पडली आणि तुम्ही त्यांना चाळीसच्या आसपास कथा दिल्यात. त्यांतल्या बऱ्याच त्यांच्या कथासंग्रहाच्या १८१५ च्या दुसऱ्या खंडात आल्या, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात तुम्ही गेलात.

तुमची सांगण्याची रीत विल्हेल्म ग्रिम यांनी त्या खंडाच्या प्रस्तावनेत नोंदवून ठेवली, हे माझं भाग्य. आधी मोकळेपणाने, रंगून सांगायचं. मग कुणी म्हटलंच, तर तीच गोष्ट सावकाश, लिहून घेता येईल अशा बेताने. दुसऱ्यांदा सांगताना काही बदलायचं नाही, आणि शब्द चुकला तर बोलता बोलता तिथेच दुरुस्त करायचा. कथा सांगायला मी दुसऱ्या कुणाकडून इतकं शिकलेले नाही.

हंस राखणाऱ्या राजकन्येची गोष्ट ध्वनिमुद्रित करायला घेतली तेव्हा मला सल्ला मिळाला होता की, हल्ली लोकांना धीर नसतो, तेच ते पुन्हा येतं ते काढून टाक. फालाडा घोड्याचं मुंडकं वेशीत खिळलेलं आहे, राजकन्या रोज त्याखालून हंस घेऊन जाते, आणि रोज ते म्हणतं, ‘तुझ्या आईला हे कळलं, तर तिचं काळीज फुटेल.’ ते एकदाच ठेवलं तर कथेत उरतं काय? मी सगळं ठेवलं. आता आया कळवतात की, मुलं ते वाक्य माझ्या आधी म्हणतात. त्या मुलांचं कौतुक तुम्हालाच पोचतं, बाई.

शेतकऱ्याच्या शहाण्या मुलीची गोष्टही तुमचीच. नागडी नाही नि कपड्यातही नाही, घोड्यावर नाही नि गाडीतही नाही, रस्त्यावरून नाही नि रस्त्याबाहेरूनही नाही, अशी ये म्हणून राजा सांगतो. ती मासे पकडायचं जाळं गुंडाळून, ते गाढवाच्या शेपटीला बांधून, चाकोरीतून ओढली जात येते. मुलींना ही सर्वांत आवडते, आणि मलाही.

आणखी एक सांगायचं आहे. तुमच्या वडिलांचे पूर्वज धर्मासाठी फ्रान्स सोडून आलेले ह्युगेनो, म्हणजे फ्रेंच प्रोटेस्टंट, पण ग्रिम बंधूंनी तुमची ओळख हेसे या जर्मन प्रांताची शेतकरीण म्हणून करून दिली. मला तुमचं खरं घराणं जास्त जवळचं वाटतं. एक देश सोडून दुसऱ्यात रुजलेल्या माणसांच्या घरातून या कथा आल्या, हे परदेशातल्या माझ्या श्रोत्यांना मी मुद्दाम सांगते.

कथासंग्रहाच्या १८१९ च्या आवृत्तीत ग्रिम बंधूंचे धाकटे भाऊ लुडविग एमिल ग्रिम यांनी काढलेलं तुमचं चित्र छापलं गेलं. तुमच्या प्रत्येक कथेसोबत मी तेच लावते, आणि सुरुवातीला तुमचं नाव घेते. पुढची कथा साळिंदर हान्सची. तीही तुम्ही सांगितलीत, तशी सावकाश सांगणार आहे.

तुमची ऋणी,
एक कथा सांगणारी