तज्ज्ञांना विचारायचा पहिला प्रश्न

तीर्थरूप आई-बाबांस,

शिरसाष्टांग नमस्कार.

फोनवर तुम्हा दोघांचा जो वाद रंगला होता, त्यात मी फारशी बोलले नाही, कारण तो विषय घाईने उरकण्यासारखा नव्हता. बाबा, तुमचे म्हणणे असे की ज्यांनी एका विषयात आयुष्य वेचले आणि ज्यांना सरकारने त्याच कामासाठी नेमले, त्यांच्या सल्ल्यावर सामान्य माणसाने शंका घेणे हा उद्धटपणा आहे. आई, तुझे म्हणणे असे की सरकारी तज्ज्ञ शेवटी सरकारचा पगार घेतो, तेव्हा त्याचे ऐकून घ्यावे, पण मत आपले आपण बनवावे. मला वाटते, विश्वास ठेवावा की न ठेवावा हे ठरवण्याआधी आणखी एक प्रश्न विचारायला हवा : तज्ज्ञ जे सांगतो आहे, ते त्याला कशावरून कळले?

हा प्रश्न माझ्या मनात पक्का बसला तो इंग्लंडमधल्या मेंढपाळांच्या हकिकतीमुळे. एप्रिल 1986 मध्ये तेव्हाच्या सोव्हिएत संघातली चेर्नोबिलची अणुभट्टी फुटली आणि काही दिवसांनी कंब्रिया भागातल्या डोंगरांवर झालेल्या पावसाबरोबर किरणोत्सारी सीझियम खाली आले. जूनमध्ये सरकारने तिथल्या मेंढ्यांची विक्री आणि कत्तल थांबवली आणि ही बंदी तीन आठवड्यांपुरतीच आहे, तोवर किरणोत्साराची पातळी उतरेल, असे सांगितले. पातळी उतरली नाही. बंदी वाढत गेली आणि शेवटचे निर्बंध उठायला 2012 साल उजाडले. शास्त्रज्ञांचा हिशेब मुळात चुकीचा होता असे नाही, तो दुसऱ्या जमिनीचा होता. चिकणमातीत सीझियम मातीच्या कणांना घट्ट धरून राहते, त्यामुळे गवतात फारसे चढत नाही. परंतु त्या डोंगरांवरच्या आम्लधर्मी, कुजलेल्या वनस्पतींनी बनलेल्या मातीत ते मोकळे राहते, गवत ते पुन्हा पुन्हा शोषून घेते आणि मेंढ्या ते गवत पुन्हा पुन्हा खातात.

त्याहून मला अधिक खटकते ते पुढचे. मेंढ्या डोंगरावर न चारता खाली दरीतल्या गवतावर ठेवा, असा सल्ला शेतकऱ्यांना मिळाला. दरीतले गवत थोडे असते आणि ते आताच संपले तर पुढच्या हंगामाचे काय, हे त्यांना सांगावे लागले. एका खनिजाची भुकटी जमिनीवर टाकून त्याचा परिणाम मोजण्यासाठी मेंढ्या कुंपणात कोंडण्यात आल्या, तेव्हा मोकळ्या डोंगरावर वाढलेली मेंढी कोंडल्यावर खंगते, मग तुमची मोजणी कशाची होणार, असे शेतकरी म्हणाले. तो प्रयोग पुढे सोडून देण्यात आला. या लोकांना अणुभौतिकी येत नव्हती आणि ती येत असल्याचा त्यांचा दावाही नव्हता. त्यांना त्यांची जमीन आणि त्यांची जनावरे ठाऊक होती, आणि त्या प्रश्नाच्या उत्तराचा अर्धा भाग नेमका तिथेच होता. बाबा, त्यांच्या शंकेला उद्धटपणा म्हणायला माझी जीभ धजत नाही.

तज्ज्ञाचे ज्ञान आणि तज्ज्ञाच्या नावाने दिलेला दिलासा यांतही फरक करावा लागतो. इटलीतल्या लाक्विला शहरात 2009 च्या सुरुवातीला कित्येक आठवडे लहान धक्के बसत होते. 31 मार्चला भूकंपतज्ज्ञांची बैठक झाली, पण तिच्या आधीच नागरी संरक्षण विभागाच्या एका अधिकाऱ्याने दूरचित्रवाणीवर सांगून टाकले होते की धक्क्यांमुळे ऊर्जा थोडीथोडी बाहेर पडते आहे, म्हणून शास्त्रज्ञांच्या मते धोका नाही. शास्त्रीयदृष्ट्या या विधानाला आधार नव्हता. धक्के जाणवले की रात्र घराबाहेर काढायची, ही त्या लोकांची पिढ्यानपिढ्यांची रीत होती; तो दिलासा ऐकून अनेक जण त्या रात्री घरातच राहिले. 6 एप्रिलच्या पहाटे मोठा भूकंप झाला आणि तीनशेहून अधिक माणसे गेली. पुढे खटला चालला, तेव्हा भूकंपाचे भाकीत करता आले नाही म्हणून शास्त्रज्ञांना शिक्षा झाली, असा समज जगभर पसरला. आरोप प्रत्यक्षात धोक्याचे नीट मूल्यमापन न केल्याचा आणि लोकांना चुकीचा दिलासा दिल्याचा होता. वरच्या न्यायालयाने 2014 मध्ये सहा शास्त्रज्ञांना निर्दोष सोडले आणि त्या अधिकाऱ्याची शिक्षा कमी केली, पण कायम ठेवली. मला हा भेद योग्य वाटतो.

आई, हे वाचून तुला तुझी बाजू भक्कम झाल्यासारखे वाटेल, म्हणून दक्षिण आफ्रिकेचे उदाहरण तुझ्यासाठी लिहिते. राष्ट्राध्यक्ष थाबो एम्बेकी यांनी एड्सविषयी स्वतः वाचून स्वतःचे मत बनवले. एचआयव्ही हेच एड्सचे कारण आहे, हे त्यांना पटले नाही, आणि हजारो शास्त्रज्ञांनी 2000 साली एकत्र निवेदन काढूनही त्यांच्या सरकारने औषधे देण्यात चालढकल केली. हार्वर्ड विद्यापीठातील संशोधकांच्या अंदाजानुसार या विलंबामुळे तीन लाख तीस हजारांहून अधिक माणसांचा बळी गेला. ते बुद्धिमान होते, त्यांचे वाचनही होते. परंतु आपले मत चुकीचे ठरवू शकेल असा पुरावा कोणता, हे त्यांनी कधी ठरवलेलेच दिसत नाही. त्याच देशात ट्रीटमेंट ॲक्शन कॅम्पेन या संघटनेतल्या साध्या लोकांनी, ज्यांतले कित्येक स्वतः रुग्ण होते, विषाणू शरीरात काय करतो आणि औषध त्याला कसे रोखते हे डॉक्टरांकडून शिकून घेतले, वस्त्यांमध्ये इतरांना शिकवले आणि सरकारला न्यायालयात खेचले. आईकडून बाळाला होणारा संसर्ग रोखणारे औषध सरकारी रुग्णालयांत उपलब्ध करा, असा आदेश तिथल्या संविधान न्यायालयाने 2002 मध्ये दिला. इथे सरकार एका बाजूला होते आणि तज्ज्ञ दुसऱ्या. नागरिकांनी तज्ज्ञांवर विश्वास ठेवला, पण तो शिकून घेऊन ठेवला. 'सरकारी तज्ज्ञ' हे दोन शब्द तुम्ही दोघेही एका दमात उच्चारता, ते मला याचसाठी वेगळे करावेसे वाटतात.

आणि बाबा, तुमच्या बाजूने सांगायची एक व्यक्ती माझ्या फार आदराची आहे. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनात फ्रान्सिस केल्सी 1960 मध्ये रुजू झाल्या आणि थॅलिडोमाइड या झोपेच्या औषधाच्या विक्रीचा अर्ज त्यांच्यासमोर आला. युरोपात ते आधीच विकले जात होते आणि कंपनीचा तगादा चालू होता. त्यांनी पुरावा अपुरा आहे असे म्हणून परवानगी दिली नाही, आणि गर्भावर काय परिणाम होतो ते दाखवा, असा आग्रह धरला. गरोदरपणी ते औषध घेतलेल्या स्त्रियांची जगभरात दहा हजारांहून अधिक मुले व्यंग घेऊन जन्मल्यावर त्या आग्रहाचे मोल सर्वांना कळले. सरकारी खुर्चीत बसून त्यांनी तोच प्रश्न विचारला होता : तुम्हाला हे कशावरून कळले?

रोज प्रत्येक गोष्ट तपासायला कोणालाच सवड नसते आणि बहुतेक बाबतींत मी तज्ज्ञांचे मुकाट्याने ऐकते. पण सल्ला देणारा आपला आधार दाखवायला तयार नसेल, किती खात्री आहे ते सांगत नसेल, किंवा अंदाज चुकल्यावर तो का चुकला हे न सांगता नुसती नवी तारीख देत असेल, तिथे मी थांबते. संकट दारात उभे असताना मात्र हे सारे विचारत बसता येत नाही. तेव्हा आधी सूचना पाळावी आणि हिशेब नंतर मागावा, असे माझे सध्याचे मत आहे, तरी लाक्विलाच्या लोकांचा विचार मनात आला की तेही डळमळते. या एका मुद्द्यावर तुम्हा दोघांना काय वाटते ते सवडीने लिहा. प्रकृती सांभाळा.

तुमची लेक