अंगणवाडीच्या भिंतीवर पेंग्विन कशाला?

संपादक साहेब, नमस्कार.

आमच्या गावच्या अंगणवाडीची भिंत यंदा रंगवली, छानच रंगवली, पण त्यावर पेंग्विन, जिराफ अन् सफरचंद. अहो हा गोंदिया जिल्हा आहे, महाराष्ट्रात सारस पक्षी उरलाय तो मुख्यतः इथंच, धानाच्या बांधीत, अन् पोट्ट्यांना तो चित्रात पण दिसू नये?

पोरांना गोष्टी वाचून दाखवायला पुस्तकांची अडचण म्हणाल तर नॅशनल बुक ट्रस्टची मराठी चित्रपुस्तकं स्वस्तात मिळतात, प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या वेबसाईटवर तर मोबाईलवर फुकट वाचता येतात. वाचून दाखवलं की लगेच बाहेर न्यावं, खरी मजा तिथंच. कागदी लिंबाच्या नाहीतर कढीपत्त्याच्या झाडावरची अळी पानासकट बरणीत ठेवा, तोंडाला पातळ कापड बांधा, रोज ताजी पानं टाका. आधी ती चिमणीच्या शिटेसारखी दिसते, मोठी झाली की हिरवीगार, अन् डिवचली तर डोक्यामागून केशरी शिंगं काढते (वास पण येतो, पोरं किंचाळतात), मग कोष अन् एका सकाळी फुलपाखरू, ते सोडून द्यायचं. खर्च काहीच नाही. खाजकुयली अन् विंचू कुठं असतात ते मात्र मोठ्यांनी आधीच दाखवून ठेवावं.

मोहफुलं वेचायला पोरं आईसोबत पहाटे जातातच, मग शाळेत त्याला अभ्यास का म्हणत नाही? अन् पुढच्या खेपेस भिंत रंगवताना ग्रामपंचायतीनं गावातल्या म्हाताऱ्यांना विचारावं, कोणते पक्षी काढायचे ते.

– एक आजोबा, अर्जुनी मोरगाव तालुका