नदी खोल झाली, उथळ जागांचे काय?

माननीय संपादक,
स. न.

ऑगस्ट २०२४ चा पूर ज्याने बडोद्यात पाहिला आहे, त्याला ‘विश्वामित्री नदी खोल-रुंद करू नका’ असे सांगायची माझी छाती नाही. आमच्या दांडिया बाजारात तर नाहीच नाही. पुढच्या उन्हाळ्यात पात्र खोल-रुंद करायचे काम झाले, नदीतल्या मगरींवर भरपूर चर्चाही झाली. पण मगरींच्या बाजूने बोलणारे पुष्कळ आहेत. पाण्यातल्या किड्यांच्या मागे कोणी नाही, म्हणून हे पत्र.

नोकरीत असताना मुलांना दरवर्षी पावसाळा सरल्यावर पावागडच्या पायथ्याशी ओढ्यावर नेत असे. घोट्याएवढ्या वाहत्या पाण्यातला दगड उलटा केला की खाली तीन शेपट्यांची, चपट्या अंगाची मेफ्लायची (पाण्यात वाढणाऱ्या एका नाजूक पंखवाल्या किड्याची) पिल्ले सरपटताना दिसत. वाळूचे कण नि काड्या चिकटवून स्वतःभोवती नळी विणणाऱ्या अळ्याही सापडत. आणि इकडे शहरात विश्वामित्रीवरच्या काळा घोडा पुलाखालचा चिखल घमेल्यात घेतला की लाल अळ्या, ज्यांना मत्स्यालयवाले ब्लडवर्म म्हणतात. त्यांच्या अंगात आपल्यासारखेच हिमोग्लोबिन असते, म्हणून कमी प्राणवायूतही त्या तग धरतात.

हा फरक नुसत्या सांडपाण्याचा नाही. सांडपाणी आहेच, पण ते पातळ करायला, वाहून न्यायला धार लागते. पावसाळा संपला की नदीला धार उरत नाही, वर आजव्याला सयाजी सरोवर पाणी अडवते. वाहणारे पाणी तेवढेच राहून त्याला जागा दुप्पट मिळाली, तर वेग निम्म्यावर येतो. वेग गेला की गाळ खाली बसतो आणि खडे-गोट्यांमधल्या फटी बुजतात. त्या फटी म्हणजेच या किड्यांची घरे. शिवाय ओढ्यातल्या या चपट्या मेफ्लायच्या पिल्लाचे कल्ले अंगावरून पाणी सरकत राहिले तरच नीट चालतात. कोमट, थांबलेल्या पाण्यात ते गुदमरते. त्याची जागा डबक्यातली मंडळी घेते: पाणभुंगे, पाणढेकूण, डासांच्या अळ्या. डासांच्या अळ्या खाणारी चतुरांची पिल्लेही थांबलेल्या पाण्यात राहतात हे खरे, पण त्यांना काठची वनस्पती लागते आणि तीच काठ कापताना आधी जाते.

एक गंमत सांगतो, मोजणाऱ्याला ती हमखास चकवते. पाणी उतरू लागले की सुरुवातीला किडे वाढल्यासारखे दिसतात. वाढलेले काही नसते; पात्र आकसले म्हणून उरलेल्या ओल्या जागेत गर्दी झालेली असते. मग अन्न अपुरे पडते, माशांना नि चतुरांच्या पिल्लांना आयती शिकार मिळते, आणि मेपर्यंत मोजके प्रकारच उरतात. तेव्हा किती डोकी हे विचारून भागत नाही, किती प्रकार हे विचारावे लागते. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या जैविक निकषांतही अशाच पाणकिड्यांच्या कुळांना गुण देऊन पाण्याची प्रत ठरवतात. म्हणजे हे काही माझे म्हातारपणचे खूळ नव्हे.

मागणी दोनच. सबंध पात्र एकसारखे घमेल्यासारखे कोरू नये. पुराचे पाणी जाईल एवढी खोली ठेवून, तळाशी उन्हाळ्यातल्या पाण्यासाठी एक अरुंद, वळणावळणाची धार राखावी, मध्येमध्ये खडे-गोट्यांचे उथळ पट्टे सोडावेत. दुसरे, खोदकाम झालेल्या आणि न झालेल्या भागांत किडे मोजावेत, एकदा दिवाळीनंतर आणि एकदा मेमध्ये. महाराजा सयाजीराव विद्यापीठात प्राणिशास्त्राचे विद्यार्थी आहेत. सामान म्हणाल तर एक जाळी, एक पांढरी परात, चिमटा नि भिंग. परात माझ्याकडे आहे, जरा पोचे आलेली आहे, पण ती मी देईन.

आपला,
एक निवृत्त विज्ञान शिक्षक
दांडिया बाजार, बडोदे