बटण दाबण्याआधी पाटीवर उत्तर हवे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

खेड्यातल्या शाळांत टीव्ही आले, प्रोजेक्टर आले. त्यावर व्हिडिओ लागतो, मुले गप्प बसून पाहतात, तास संपतो. मुलाने स्वतः काहीतरी बदलून पाहावे अशी साधने फुकट आहेत, मराठीत आहेत आणि एकदा उतरवून घेतली की नेटशिवाय चालतात. अडते ते ती वर्गात चालवताना, म्हणून हे सविस्तर पत्र.

नोबेलविजेते भौतिकशास्त्रज्ञ कार्ल वायमन यांनी २००२ साली अमेरिकेतील कोलोरॅडो विद्यापीठात सुरू केलेला ‘फेट’ हा पडद्यावरच्या प्रयोगांचा संच विज्ञान-गणितासाठी सर्वात उपयोगी. त्यातला प्रत्येक प्रयोग म्हणजे एकच एचटीएमएल (ब्राउझरमध्ये उघडणारी) फाइल. मराठी फाइलच्या नावाच्या शेवटी ‘एमआर’ ही इंग्रजी अक्षरे असतात. तालुक्याच्या गावी, जिथे नेट बरे असते, तिथे पाच-सहा फायली उतरवून पेनड्राइव्हमध्ये घ्याव्यात. पुढे लाइन असली-नसली तरी चार्ज केलेल्या लॅपटॉपवर तास होतो.

पहिली चूक इथेच होते. पेनड्राइव्ह थेट टीव्हीला लावला जातो आणि काही दिसत नाही. बहुतेक टीव्ही पेनड्राइव्हमधले फोटो आणि व्हिडिओच उघडतात, ही फाइल नाही. लॅपटॉप हवा आणि टीव्हीपर्यंत एचडीएमआय वायर हवी. फोनवर फाइल उघडून पांढरा पडदा आला, तर ‘एचटीएमएल व्ह्यूअर’ऐवजी क्रोममध्ये उघडून पाहावी. शक्य असेल तर बिनवायरचा माऊस घ्यावा. तो बाकावरून बाकावर फिरतो आणि शेवटच्या रांगेतली मुलगी जागेवर बसून पडद्यावरची तार जोडते. पडद्यासमोर शिक्षकच उभे राहिले, तर तो पुन्हा व्हिडिओच झाला.

नववीच्या धाराविद्युतचे उदाहरण घेऊ. मंडल (सर्किट) जोडणीच्या प्रयोगात बॅटरी ९ व्होल्टची आणि बल्ब १० ओहमचा, असे आकडे आधीच ठेवलेले असतात. एक बल्ब जोडला की विजेची धारा मोजणारा ॲमीटर ०.९ ॲम्पिअर दाखवतो. आता दुसरा बल्ब एकसर (एकामागे एक) जोडायचा, पण स्विच दाबायचा नाही. आधी प्रत्येकाने पाटीवर लिहायचे: पहिला बल्ब जास्त उजळेल, दुसरा, की दोन्ही सारखे? बरीच मुले ‘पहिला’ लिहितात, कारण वीज पहिल्या बल्बात थोडी खर्च होते असे त्यांना वाटते. स्विच दाबला की दोन्ही सारखेच मंद दिसतात आणि ॲमीटर बल्बांच्या आधी, मध्ये, नंतर कुठेही लावला तरी ०.४५ दाखवतो. समांतर जोडणीत (दोन्ही बल्ब थेट बॅटरीला) प्रत्येक बल्बातून ०.९ आणि बॅटरीतून १.८. पाटीवर चुकीचे उत्तर लिहिलेले मूल हा आकडा विसरत नाही. आधी न लिहिता नुसते दाखवले, तर सगळेच म्हणतात, ‘आम्हाला माहीत होते, सर.’

या प्रयोगात एक खाच आहे. पडद्यावर निळे इलेक्ट्रॉन ऋण टोकाकडून धन टोकाकडे धावतात, तर पुस्तकातला बाण उलटा, धनाकडून ऋणाकडे. मुले गोंधळतात आणि शिक्षकही अडखळतात. पडद्यावरच रूढ धारेचा, म्हणजे पुस्तकातल्या बाणाचा, पर्याय आहे. आधी तो निवडावा, इलेक्ट्रॉन नंतर दाखवावेत.

पडद्यावर झाले की खरी जोडणी केलीच पाहिजे: दीड व्होल्टचे दोन सेल, टॉर्चचे तंतूचे दोन बल्ब आणि टोके सोललेली वायर. दुकानात हल्ली एलईडी हातात देतात, तो इथे चालणार नाही, कारण उलटा जोडला तर पेटतच नाही. दुसरा बल्ब एकसर जोडल्यावर पडद्यावर धारा बरोबर निम्मी होते. खऱ्या बल्बात ती निम्म्याहून थोडी जास्त राहते, कारण कमी तापलेल्या तंतूचा रोध (विजेला होणारा अडथळा) कमी असतो. हा फरक लपवू नये, त्यावरच तास रंगतो.

उजळणीला ‘प्लिकर्स’ हे प्रश्नोत्तरांचे ॲप चांगले. त्यात फोन फक्त शिक्षकांकडे लागतो. मुलांच्या हाती हजेरी क्रमांकाचे कागदी कार्ड असते, ते कसे धरले यावरून अ, ब, क किंवा ड हे उत्तर ठरते आणि कॅमेरा ते टिपतो. याला मात्र नेट लागते. कार्डांना चकचकीत लॅमिनेशन केले की उजेड परावर्तित होतो आणि कॅमेरा वाचत नाही, त्यामुळे जाड साधा कागद बरा. काळ्या नक्षीवर बोट येऊ देऊ नये. मुलांच्या मागे उघडी खिडकी असली तरीही वाचन चुकते. ‘कहूट’ या प्रश्नमंजुषेच्या ॲपला मात्र प्रत्येक मुलाकडे किंवा गटाकडे उपकरण लागते, आपल्या वर्गांत त्याच्या मागे लागू नये.

आमच्या भागात घरी कोलामी बोलणारी मुले आहेत. पुस्तकातल्या लांब वाक्यांपाशी थांबणारे मूल पडद्यावर तार ओढून जोडताना थांबत नाही. आणि कापूस वेचणीच्या दिवसांत पट रोडावतो, तेव्हा चुकलेला तास त्याच फाइलवरून दहा मिनिटांत पुन्हा घेता येतो.

शिक्षण विभागाला विनंती एवढीच. केंद्राच्या (जवळच्या शाळांच्या गटाच्या) शिक्षण परिषदेत भाषणे कमी करून एक तास यासाठी द्यावा. प्रत्येक शिक्षकाने स्वतःच्या हाताने फाइल उघडावी, मंडल जोडावे, आणि जाताना इयत्तावार फायलींचा पेनड्राइव्ह सोबत न्यावा. विदर्भात शाळा जूनच्या अखेरीस उघडतात. त्याआधीच्या आठवड्यात हे झाले, तर पहिल्या घटकापासून वापर सुरू होईल.

आपले,
काही विज्ञान शिक्षक,
ता. घाटंजी, जि. यवतमाळ