चित्रपट्ट्या छापा, पण कापू नका

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

वर्तमानपत्रांतल्या जुन्या चित्रकथा पुस्तकरूपाने काढाव्यात, अशी एका वाचकाची सूचना आपल्या रविवार पुरवणीत वाचली. ती मला मनापासून पटली. मात्र अशी पुस्तके कशी काढावीत यावर कुणी बोलत नाही, म्हणून हे पत्र. माझी ३१ वर्षे ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या एका छापखान्याच्या कॅमेरा खात्यात छपाईसाठी निगेटिव्ह काढण्यात गेली. वर्तमानपत्री साहसकथांचा नाद त्याहून जुना आहे.

वेताळ (मूळचा फँटम) आणि जादूगार मॅन्ड्रेक हे अमेरिकन वर्तमानपत्री चित्रकथांचे नायक आमच्या पिढीला भेटले ते इंद्रजाल कॉमिक्समधून. मार्च १९६४ मध्ये सुरू झालेली ही मालिका १९९० मध्ये बंद पडली. नौपाड्यातल्या आमच्या चाळीत एक अंक बारा बिऱ्हाडे फिरून यायचा, तोवर त्याच्या पिना निघालेल्या असायच्या. मग आई गोधडीच्या दोऱ्याने मधोमध दोन टाके घालून द्यायची. असे टाके घातलेले दोनशेच्या वर अंक मी एका पत्र्याच्या ट्रंकेत जपले होते. २६ जुलै २००५ च्या पावसात आमच्या तळमजल्यावरच्या खोलीत कमरेएवढे पाणी शिरले. चौथ्या दिवशी ट्रंक उघडली तर आत कागदाची वीट झाली होती. एकही पान सुटे करता आले नाही.

त्यानंतर मी पुनर्मुद्रणांकडे वळलो. परदेशातून आलेला वेताळाच्या दैनिक पट्ट्यांचा पहिला खंड उघडला तेव्हा मी अक्षरशः हरखून गेलो. पट्टी आडवी, रोजच्या तीन-चार चौकटी, आणि प्रत्येक पट्टीपाशी ती छापून आली त्या दिवसाची तारीख. इंद्रजालचे पान उभे होते. त्यात बसवण्यासाठी चौकटी कुठे कापल्या, कुठे बाजूने चित्र वाढवून ओढल्या, काही तर गाळूनच टाकल्या होत्या. वेताळाच्या देशाचे नावही बदलून डेंकाली केले होते. इंद्रजालचे ऋण मी मानतोच. पण आपण लहानपणी वाचलेली गोष्ट पुरी नव्हती, हे मला पन्नाशीच्या आसपास कळले.

तारखेचा आग्रह मी का धरतो, ते एका उदाहरणाने सांगतो. वेताळाचे लेखक ली फॉक यांची पहिली वेताळ-पट्टी १७ फेब्रुवारी १९३६ ला छापून आली. त्या पहिल्या कथेत जिमी वेल्स नावाचा एक श्रीमंत, आळशी तरुण आहे. हाच रात्री मुखवटा चढवून वेताळ होतो, असे दाखवायचे फॉक यांच्या मनात होते. कथा चालू असतानाच त्यांचा विचार बदलला, वेताळ जंगलात गेला आणि जिमी वेल्स मागे पडला. पट्ट्या तारखेनुसार, एकही न गाळता वाचल्या की लेखकाने वळण कुठे घेतले ते आपल्यालाही दिसते. संकलकाने "अनावश्यक" म्हणून चार चौकटी काढल्या की हा माग पुसला जातो. रोजच्या शेवटच्या चौकटीत उद्यापर्यंत वाचकाला लटकत ठेवायचे आणि दुसऱ्या दिवशी पहिल्या चौकटीत थोडी उजळणी करायची, हा या लिखाणाचा ताल आहे. उजळणी कंटाळवाणी वाटते म्हणून ती छाटणारे संपादक मी पाहिले आहेत. मला ते तबलजीची सम काढून घेण्यासारखे वाटते.

आता माझ्या धंद्याचा भाग. अमेरिकन चित्रकार रॉय क्रेन हे १९४३ पासून 'बझ सॉयर' ही साहसपट्टी काढत. त्यासाठी ते क्राफ्टिंट नावाचा पुठ्ठा वापरत. या पुठ्ठ्यात दोन प्रकारच्या बारीक रेषा आधीच दडवलेल्या असतात. एक रसायन फिरवले की एका दिशेच्या रेषा उमटतात, दुसरे फिरवले की आडव्याउभ्या जाळीची गडद छटा येते. समुद्रावरचे धुके, विमानाची सावली, सगळे त्यातून. अशी पट्टी नुसत्या काळ्या-पांढऱ्यात स्कॅन केली तर रेषा एकमेकींत मिसळून काळा डाग उरतो, आणि लहान-मोठी करून छापली तर लहरी दिसू लागतात. आम्ही अशा निगेटिव्हला "बसलेली" म्हणायचो आणि पुन्हा काढायचो. आज डिजिटायझेशनच्या नावाखाली होणारी बरीचशी कामे अशी बसलेली आहेत, हे मी जबाबदारीने लिहितो. किमान ६०० डीपीआय (म्हणजे इंचाला ६०० ठिपके), तेही करड्या छटांसह, याच्याखाली जाऊ नये.

मूळ प्रत चांगली मिळाली तर काय होते ते 'प्रिन्स व्हॅलियंट'च्या २००९ पासून निघालेल्या खंडांत पाहावे. १९३७ मध्ये सुरू केलेल्या या रविवारच्या पानांचे मूळ प्रूफ चित्रकार हॅल फॉस्टर यांनी सिराक्यूज विद्यापीठाला देऊन ठेवले होते. त्यावरून छापलेल्या पानात किल्ल्याच्या तटबंदीचा दगड न् दगड वेगळा दिसतो. या पट्टीत संवादाचे फुगे नाहीत, मजकूर चित्राखाली येतो, त्यामुळे चित्राला पूर्ण पान मोकळे मिळते. माझी नात अजून वाचायला शिकलेली नाही, तरी ती एकेका पानावर पाच-पाच मिनिटे बसते.

फॉस्टर यांनी प्रूफ जपले. बाकीच्यांचे काय? अमेरिकेत ग्रंथालये वर्तमानपत्रांची मायक्रोफिल्म (पानांचे फिल्मवरचे बारीक फोटो) काढून मूळ बांधीव फाइली टाकून देऊ लागली, तेव्हा बिल ब्लॅकबिअर्ड नावाच्या गृहस्थाने त्या सॅन फ्रान्सिस्कोतल्या आपल्या घरात आणून भरल्या. मायक्रोफिल्ममध्ये रविवारच्या पानांचा रंगच उरत नव्हता. १९९८ मध्ये त्यांचा संग्रह ओहायो राज्य विद्यापीठाने घेतला, तेव्हा तो ७५ टन भरला आणि न्यायला सहा मोठे ट्रेलर लागले. त्यात सुमारे २५ लाख कात्रणे होती. अशा संग्रहांच्या जिवावर आज पुनर्मुद्रणे निघत आहेत.

आपल्याकडे मी स्वतः अनुभवलेली गोष्ट सांगतो. एका ग्रंथालयात मी साठच्या दशकातल्या मराठी दैनिकांच्या फाइली मागितल्या. स्कॅनिंग झाल्यावर त्या रद्दीत गेल्या, असे उत्तर मिळाले. स्कॅन पडद्यावर पाहिले. बातम्या वाचता येत होत्या. चित्रपट्टीच्या जागी काळपट चौकोन होते. त्या दिवशी तलावपाळीपर्यंत चालत आलो आणि बराच वेळ तिथेच बसून राहिलो.

खंड महाग असतात, हे खरे. वाशीचे एक स्नेही आणि मी मिळून घेतो. मिल्टन कॅनिफ यांच्या 'टेरी अँड द पायरट्स' या साहसपट्टीचे सहा खंड आमचे दोघांचे मिळून आहेत, उशीच्या अभ्र्यात गुंडाळून ते ट्रान्सहार्बर लोकलने ये-जा करतात. पण प्रश्न फक्त पैशाचा असता तर तमिळमध्येही काही झाले नसते. शिवकाशीची मुथु कॉमिक्स १९७२ पासून आणि लायन कॉमिक्स १९८४ पासून आहेत. 'मॉडेस्टी ब्लेझ'सारखी लंडनच्या सायंदैनिकातली पट्टी तिथल्या वाचकाला त्याच्या भाषेत मिळते. मराठी वाचक कमी हौशी आहे, असे मी मानत नाही.

म्हणून आपल्याला विनंती. आपल्या कार्यालयात जुन्या अंकांच्या बांधीव फाइली असतील तर त्यांतल्या चित्रपट्ट्यांची आधी नुसती यादी करा: कोणती, कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत, मधले कोणते दिवस गहाळ. वर्तमानपत्राचा कागद लाकडाच्या लगद्याचा असतो, तो पिवळा पडून कडेने तुटतो, आणि ठाण्यासारख्या दमट हवेत कसर लागायला वेळ लागत नाही. गहाळ दिवसांसाठी वाचकांना आवाहन करा. वहीत चिकटवलेली कात्रणे अजून कितीतरी माळ्यांवर आहेत. माझ्याकडेच तशा तीन वह्या आहेत, त्या वरच्या मजल्यावर भावाकडे होत्या म्हणून वाचल्या.

मंगळवारी आणि शुक्रवारी मी मोकळा असतो. माझे भिंग आणि लाइट टेबल अजून चालू स्थितीत आहे. फाइली बाहेर देण्याची गरज नाही, मी तिथे येऊन पान न् पान पाहीन आणि यादी लिहून देईन. मोबदला नको. फक्त फाइली कोणत्या मजल्यावर आहेत आणि तिथे पावसाचे पाणी येते का, एवढे कळवावे.

आपला,
कॅमेरा खात्यातला एक निवृत्त कामगार,
नौपाडा, ठाणे (प.)