पाळणा लांबवायचा, पण ठरवायचे कोणी?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

प्रेमविवाह केलेली जोडपी कुटुंब नियोजनाबाबत पुढारलेली आणि ठरवून लग्न झालेली मागासलेली, असा निष्कर्ष हल्ली सहज काढला जातो. आरोग्यसेविका म्हणून बरीच वर्षे घरभेटी दिल्यावर तो मला अर्धाच खरा वाटतो. जोडीदार स्वतः निवडलेल्या मुली तांबी किंवा गोळ्यांविषयी नवऱ्यासमोर मोकळेपणाने विचारत, तर ठरवून झालेल्या लग्नात प्रश्न सुनेला केला तरी उत्तर बहुधा सासूच देई, ‘आधी एक होऊ दे, मग बघू.’ पण आत्याच्याच घरी सून म्हणून गेलेल्या एकीने माझ्या हाती चहाचा कप देता देता आत्याला सुनावले होते, ‘दुसरं तीन वर्षांनी!’ नात्यातल्या लग्नात असा हक्क चालतो. अर्थात धाकही तितकाच चालतो.

लग्न कसेही जमलेले असो, शस्त्रक्रियेच्या टेबलावर मात्र बाईच जाते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातील १५ ते ४९ वयोगटातल्या विवाहित स्त्रियांपैकी ३७.९ टक्के जणींनी स्वतःची नसबंदी सांगितली, पतीची अवघ्या ०.३ टक्के. र. धों. कर्वे यांनी मुंबईत संततिनियमनाचे केंद्र १९२१ मध्ये काढले, त्याला शतक उलटून गेले तरी ही स्थिती आहे. म्हणून आरोग्य खात्याने समुपदेशनाला सुनेबरोबर नवऱ्यालाही बोलवावे, आणि त्या वेळी सासूबाईंना थोडा वेळ बाहेर बसवावे.

— एक निवृत्त आरोग्यसेविका